भाकरी सोडून उतरलेलं वजन परत चढतंय? आधी तेल मोजा

लो-कार्बवर, म्हणजे भाकरी-भात-साखर कमी केलेल्या आहारावर, दोन-तीन वर्षं टिकलेलं वजन पुन्हा वाढायला लागलं, की पहिला राग उरल्यासुरल्या अर्ध्या भाकरीवर निघतो. थांबा. चढलंय ते पाणी आहे की चरबी, ते आधी बघा. शरीरात साठणाऱ्या दर ग्रॅम ग्लायकोजेनसोबत, म्हणजे स्नायू-यकृतातल्या साखरेच्या साठ्यासोबत, साधारण 3 ग्रॅम पाणी साठतं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमरस-पुरणपोळी झाल्यावर दोन दिवसांत दीड-दोन किलो वाढतात ते बहुतेक हेच, आणि नेहमीच्या जेवणावर आलं की आठवडाभरात उतरतात. रोज सकाळी पोट साफ झाल्यावर, काही खाण्याआधी वजन करा आणि सात दिवसांची सरासरी काढा. सरासरी सलग तीन-चार आठवडे चढली आणि बेंबीपाशी कंबरही वाढली, तर ती चरबी समजा.

मग तेलाकडे वळा. आपल्या खान्देशी स्वयंपाकात घोळ बहुधा इथेच सापडतो. 50 ग्रॅम कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) पिठाची भाकरी म्हणजे सुमारे 170 कॅलरी. ती ताटातून गेली, पण भरितात दोन मोठे चमचे तेल, म्हणजे 28 ग्रॅम, आणि मूठभर, 30 ग्रॅम शेंगदाणे पडले, तर वांगं न धरताच 420 होतात. सुरुवातीला हे खपून जातं, कारण शरीर जड असतं आणि भूक मंदावलेली असते. दहा-पंधरा किलो उतरल्यावर शरीराची गरज घटते, वाढपाचा हात मात्र तोच राहतो. शेवभाजी तर दोन्हीकडून नडते: शेव बेसनाची, तीही तळलेली, आणि वर तर्री.

तेल अंदाजाने ओतू नका. माणशी दिवसाला 20 मिली धरून चौघांचं आठवड्याचं 560 मिली तेल वेगळ्या बाटलीत काढा. फोडणी, भाजी, तळण, सगळं त्यातूनच. बाटली चौथ्या दिवशीच रिकामी झाली, तर कारण हाती लागलं. दाणे दिवसाला 20 ग्रॅम, काट्यावर मोजून. भरिताची खरी चव कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यात आणि लसूण-मिरचीत आहे, त्यामुळे निम्म्या तेलातही ते फिकं लागत नाही.

तेल कमी केल्यावर भूक लागेल. ती प्रथिनांनी भागवा: वजनाच्या दर किलोमागे 1.2 ग्रॅम, म्हणजे 70 किलोच्या माणसाला रोज 84 ग्रॅम. एका अंड्यात 6, 100 ग्रॅम पनीरमध्ये सुमारे 18, तेवढ्याच शिजलेल्या चिकनमध्ये 25 च्या आसपास. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. वजनासोबत स्नायूही उतरलेले असतात, म्हणून आठवड्यातून दोनदा उठाबशा, दंड किंवा वजन उचलणं हवंच. नुसतं चालून स्नायू भरत नाहीत.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर पुन्हा कडक लो-कार्ब सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळीवर साखर एकदम खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळीवर कर्बोदकं फार तोडली, तर रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो. अशा वेळी मळमळ, पोटदुखी किंवा धाप लागली, तर मशीनवर साखर ठीक दिसली तरी घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.