गोव्यात पीक ठरवण्याआधी जमिनीची पातळी पाहा

तालुका कुठला, हे नंतर. आधी पाहा: भरतीचं पाणी तुमच्या शेतापेक्षा वर चढतं का?

चढत असेल तर ती खाजन. मांडवी-जुवारीच्या काठी तिसवाडी, बार्देश, साष्टीत ही जास्त. इथलं भात बांध आणि मानशीच्या (बांधातल्या पाणी अडवणाऱ्या दारांच्या) जिवावर. मानशीची दारं भरतीच्या दाबानं आपोआप मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्यानं उघडतात. मेअखेरीपर्यंत बांधातली खेकड्यांची बिळं चिकणमातीनं ठोकून बुजवा. पेरणीची घाई नको. पहिल्या मोठ्या पावसांचं साचलेलं पाणी ओहोटीत सोडा, मीठ त्याच्याबरोबर जातं. मातीची विद्युतवाहकता (खारटपणाचं माप) मीटरला ४ डेसिसीमेनच्या वर असेल तर साधं बियाणं करपतं. तिथं कोरगुट हे खारं सोसणारं स्थानिक भात लावा, नाहीतर जुने गोव्याच्या संशोधन संस्थेची क्षार सोसणारी 'गोवा धान' वाणं. शेत बुडतं ते अनेकदा माणसामुळे: मासळी आत यावी म्हणून दारं अडवून धरतात आणि खारं पाणी भातात शिरतं.

त्याच्या वर खेर. वाळूमिश्रित, निचऱ्याची, पण खाली ओल असलेली. पावसात सरद भात, कापणीनंतर विहिरीचं पाणी असेल तर वायंगण म्हणजे उन्हाळी भात, नसेल तर अळसांदे (चवळी) आणि मिरची.

मोरड म्हणजे लाल जांभ्याची उंच जमीन. पावसाळी भात किंवा नाचणी, उतारावर काजू ७ ते ८ मीटरवर. पाणी साचणाऱ्या खोलगटात काजू लावला की मुळं कुजतात.

फोंडा, सत्तरी, सांगे, काणकोणच्या घळीत बारमाही झरा असेल तरच कुळागर, म्हणजे पोफळीची मिश्र बाग. पावसात खळखळणाऱ्या झऱ्यावर जाऊ नका, मेमध्ये मोजा. १५ लिटरची बादली ५ मिनिटांत भरली तर दिवसाला ४३२० लिटर. पोफळीला ठिबकनं उन्हाळ्यात रोज २० लिटर धरा, म्हणजे जेमतेम २०० झाडं. तीही रात्रीचं पाणी टाकीत साठवलं तर. अंतर २.७ मीटर, कोवळ्या रोपांना सावलीसाठी मध्ये केळी. मिरवेल पोफळी ६-७ वर्षांची झाल्यावरच चढवा. नैर्ऋत्येच्या कडेला उंच झाडं ठेवा. दुपारनंतरच्या उन्हानं त्या बाजूची खोडं भाजतात, तडकतात आणि पुढे वाऱ्यात तिथंच मोडतात. झाडं वाढेपर्यंत खोडांना नारळाची झावळं बांधली तरी चालतं.