आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी भागात मातीचं घर बांधायचंय? आधी माती तपासा

मातीचं घर म्हटलं की घरातली माणसं पहिलं एकच विचारतात, पावसात टिकणार काय? टिकतंय की. जांबोटी, कणकुंबीकडं पाऊस कसा कोसळतोय सगळ्यांना माहीत आहे, तरी तिकडं मातीच्या भिंतीची जुनी घरं अजून नांदती आहेत. पण 2019 च्या ऑगस्टात महापूर आला तेव्हा आपल्या जिल्ह्यात मातीची कितीतरी घरं बसली हे पण खरं आहे. वरनं पडणाऱ्या पावसापेक्षा बुडाशी तुंबलेलं पाणी मातीच्या भिंतीला जास्त मारतंय, त्यामुळं वेदगंगा, दूधगंगा, घटप्रभा, मलप्रभा, कुठलीपण नदी असू दे, पुराचं पाणी येऊन गेलेल्या जागेवर मातीची भिंत घालूच नका, कितीपण स्वस्त पडू दे.

जागा चांगली असेल तर मग माती. व्हिडिओत कुठलंतरी लांबच्या मुलखातलं घर बघून तसंच चिकोडीच्या काळ्या रानात करायला गेलात तर पैसे वाया जाणार हे नक्की. काळी माती पाणी प्याली की फुगते, वाळली की भेगाळते, ती भिंतीला नको. खानापूर आणि बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला तांबडी माती आणि जांभा दगड आहे, तिकडच्या लोकांचं काम सोपं. निपाणी-चिकोडीकडं काळ्या मातीच्या खाली मुरूम लागतोय, तो चाळून वापरता येतोय, नाहीतर जवळच्या माळाची तांबडी माती आणायची.

वरची फूट-दीड फूट माती शेतीची, त्यात मुळं आणि कुजलेला पाला असतोय, ती बाजूला काढून परसात टाका. खालची माती घ्या आणि दोन टेस्ट करा, दोन्ही फुकटच्या आहेत. काचेची सरळ बाटली घ्या, तिसरा हिस्सा माती भरा, वर पाणी, चिमूटभर मीठ, जोरात हलवा आणि सपाट जागी ठेवून द्या, परत हात लावू नका. मिनिटभरात वाळू तळाला बसते, अर्ध्या-एक तासात तिच्यावर बारीक गाळ, आणि चिकणमाती पाण्यात तरंगत राहून दुसऱ्या दिवसापर्यंत हळूहळू खाली येते, ते थर बाहेरनं स्पष्ट दिसतात, पट्टी लावून मोजा. मशीनमधे माती दाबून ब्लॉक करायचे असतील तर वाळू साधारण दोन तृतीयांश आणि चिकणमाती दहा ते पंधरा टक्के असली की बरं. दुसरी टेस्ट, ओल्या मातीची अंगठ्याएवढी जाड वळी करायची, मळून मळून गुळगुळीत, आणि टेबलाच्या कडेवरनं हळूहळू पुढं सरकवायची. पाच सेंटिमीटरच्या आत तुटली तर वाळू जास्त आहे, पंधराच्या पुढं जाऊनपण लोंबत राहिली तर चिकणमाती जास्त, म्हणजे वाळू मिसळायला लागणार. मधे कुठंतरी तुटली तर काम झालं.

आता भिंत कशाची. खानापूर भागात जांभ्याचा चिरा स्वस्त मिळत असेल तर सरळ तोच मातीत लावा, खाणीतनं काढला की तो मऊ असतोय आणि हवेला राहून घट्ट होतोय, त्यामुळं आणला की लगेच लावायची घाई नको. कच्च्या विटेला माती दोन-तीन दिवस भिजवून, भाताचं काड बारीक तोडून टाकून, पायानं चांगली तुडवायची आणि विटा सावलीत वाळवायच्या, उन्हात टाकल्या की चिरतात. पण नवीन घर बांधणाऱ्याला मी दाबलेले ब्लॉकच सांगीन. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत 1974 साली खेड्यांच्या कामासाठी 'अस्त्र' नावाचं केंद्र सुरू झालं, तिथं हातानं दाबायच्या मशीनवर आणि अशा ब्लॉकवर पुष्कळ काम झालंय, आणि कर्नाटकात या ब्लॉकची घरं भरपूर आहेत. यात वजनाच्या पाच ते सात टक्के सिमेंट घालतात. 230 बाय 190 बाय 100 मिलिमीटरचा ब्लॉक आठेक किलोचा होतोय, म्हणजे सिमेंटच्या एका पोत्यात शंभरेक ब्लॉक होतात, आणि भट्टीचं लाकूड-कोळसा वाचतंय ते वेगळंच. माती चिकट असेल तर सिमेंटपेक्षा चुना बरा.

पाणी किती घालायचं? मिश्रणाचा गोळा दाबून खांद्याच्या उंचीवरनं खाली सोडा. चार-पाच तुकडे झाले तर बरोबर, भाकरीसारखा चपटा झाला तर ओलं जास्त, भुगा झाला तर कोरडं. सिमेंट टाकलं की ढीग तसाच ठेवून जेवायला जाऊ नका, तेवढंच कालवा जेवढं तासाभरात संपतंय. ब्लॉक काढले की ओल्या पोत्याखाली झाकून तीन आठवडे पाणी मारायचं. गवंडीमामा म्हणतील "वाळलंय की, लावूया", ऐकू नका, इथंच घराची ताकद ठरते.

जोतं दगडाचं, जमिनीपासून किमान दीड-दोन फूट, खानापूरकडं तीन. काळ्या रानात पाया काळी माती ओलांडून मुरमापर्यंत न्या. भिंतीची उंची जाडीच्या आठपटीच्या वर नको, दार-खिडकी कोपऱ्यापासून चार फूट लांब, आणि दाराच्या माथ्यावर घरभर एक सलग पट्टा, लाकडाचा नाहीतर काँक्रीटचा. कौलाची वळचण अडीच-तीन फूट बाहेर काढा म्हणजे पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील, आणि त्या पडतात तिथं दगडाचा उतार करा. पश्चिमेच्या भिंतीला झडीचा मारा असतोय, तिकडं पडवी काढली तर सगळ्यात चांगलं.

कच्च्या विटेच्या नाहीतर मातीच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा अजिबात नको, हे हात जोडून सांगतो. आतली ओल बाहेर यायची वाट बंद होते, भिंत आतनं भिजत राहते आणि दोन-चार वर्षांत गिलावा पापुद्र्यासारखा सुटून मातीपण सोबत घेऊन येतोय. माती, वाळू, शेण, बारीक काड चार-पाच दिवस भिजवून त्याचा गिलावा करा, वरनं चुन्याचा हात द्या. आधी भिंतीवर हातभर जागेत वेगवेगळ्या प्रमाणाचे नमुने लावून वाळू द्या, ज्याला भेग पडली नाही तो पक्का करा.

काम दिवाळीनंतर काढा, म्हणजे मिरगाच्या आधी कौलं चढतात. न्हाणी आणि मोरीच्या भिंती मात्र चिऱ्याच्या किंवा भाजलेल्या विटेच्या ठेवा आणि पाण्याचा पाइप मातीच्या भिंतीतनं नेऊ नका, बाहेरनं उघडा न्या, गळला तर लगेच दिसतंय.