नाव आधी की पोचा आधी?

जुन्या लष्करी स्नायपर रायफली अस्सल की बनावट, हे मी नाशिकरोडला घरी बसून फोटोंवरून ठरवतो. परदेशातल्या एका विक्रेत्याच्या याद्या तपासायच्या आणि शेरा लिहायचा, एवढंच काम. हे कळलं की पोरं विचारतातच, ‘दादा, एखादी मिळेल का?’ नाही मिळणार. .३०३, म्हणजे ली-एनफिल्ड रायफलीच्या नळीचं माप, आपल्याकडे प्रतिबंधित बोअर आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यापुढे ‘शोपीस म्हणून ठेवलीये’ चालत नाही. त्या वाटेला जाऊच नका.

ली-एनफिल्ड ही ब्रिटिशांची जुनी लष्करी रायफल, मोसिन रशियनांची, एवढं ठाऊक असलं तरी पुरे. हे काम शिकायचं असेल तर मी जिथे आपटलो ते सांगतो.

तिसऱ्याच महिन्यात एक नंबर ४ मार्क १ (टी), म्हणजे ली-एनफिल्डचा स्नायपर प्रकार, समोर आली. दुसऱ्या महायुद्धात नेमबाजीच्या चाचणीत सरस ठरलेल्या रायफली, बहुतेक बीएसए या ब्रिटिश कंपनीच्या शर्ली कारखान्यातल्या, लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडकडे जायच्या. तिथे दुर्बीण अडकवायचे पॅड बसायचे, दस्त्यावर गाल टेकवायला लाकडी उंचवटा चढायचा. अशा २३ हजारांहून जास्त झाल्या. खुणा पाठ होत्याच: डाव्या अंगाला ‘टी’, दस्ता जिथे रायफलीला जोडतात त्या धातूच्या बट सॉकेटवर ‘टीआर’, दस्त्याखाली ‘एस ५१’, आणि दस्ता जिथे मुठीत धरतात तिथे लाकडावर दुर्बिणीचा नंबर. दुर्बीण नंबर ३२, तिपटीने मोठं दाखवणारी, मुळात ब्रेन या मशीनगनसाठी आखलेली. मी वहीत टिका मारत गेलो. सगळं जुळलं. ‘अस्सल’ लिहून मोकळा झालो.

आठवड्यात घेणाऱ्याच्या माणसाने ती बनावट म्हणून परत पाठवली. माझं काम तीन महिने बंद. घरी सांगितलंसुद्धा नाही. रोज लॅपटॉप उघडून बसायचो, बायकोला वाटायचं काम चाललंय.

त्याच दिवसांत आईचा हंडा घेऊन भांडी बाजारात गेलो होतो. तिथे भांड्यांवर नावं घालणारे एक काका आहेत, गोदेचे पूर दुकानात घेऊन बसलेले. हंड्यावरून आई आणि मावशीत वाद होता, नाव नंतर घातलंय म्हणून. काकांनी हंडा उन्हात तिरका धरला आणि विचारलं, ‘नाव आधी की पोचा आधी?’ मला कळेना. म्हणाले, ‘नाव आधी असेल तर पोच्याबरोबर अक्षरही चेपतं. पोचा आधी असेल तर छिन्नी खड्ड्यात घसरते, अक्षर वाकडं बसतं. बघ, चेपलंय. नाव जुनंच आहे.’

घरी येऊन त्या परत आलेल्या रायफलीचा फोटो मोठा केला. दस्त्यावरच्या नंबरातल्या ७ वरून एक जुना, काळवंडलेला ओरखडा तिरका गेला होता. नंबर आधीचा असता तर ओरखड्याने ७ चे काठ फोडले असते. इथे ओरखडा एका काठापाशी थांबत होता, पलीकडच्या काठापासून पुढे जात होता, आणि दोन्ही काठ कोरे, धारदार. म्हणजे ओरखडा आधीचा, नंबर नंतरचा. खुणांच्या तळाशी वर्षानुवर्षांचं तेल-घाम साचलेलं नव्हतं, सगळीकडे सारखं पॉलिश होतं. चांगल्या पण साध्या रायफलीला कुणीतरी स्नायपर केलं होतं, कारण (टी)ची किंमत साधीच्या कित्येक पट येते.

म्हणून खुणांच्या याद्या पाठ करू नका. ग्रुपवर फिरणारी पीडीएफ बनावट करणाऱ्याकडेही असते, आणि त्याने ती तुमच्यापेक्षा नीट वाचलेली असते. दोन दिवसांत प्रमाणपत्र देणाऱ्या शिबिरांबद्दल मी बोलत नाही, पैसे तुमचे आहेत. ‘मला बघताक्षणी कळतं’ म्हणणारे गुरुजीही लांबच ठेवा. काकांनी मला नाव जुनं का, ते दाखवलं.

आता उलटी चूक. त्यानंतर मला जो तो माल खोटाच दिसायला लागला. पीयू या सोव्हिएत दुर्बिणीच्या एका मोसिनवर जुना नंबर खोडून नवा मारलेला होता, मी लगेच ‘बनावट’ लिहिलं. पण युद्धानंतर सोव्हिएत डेपोंत रायफली दुरुस्त करून नंबर असे मुद्दाम जुळवले जात. शिवाय बऱ्याच स्नायपर रायफलींची दुर्बीण काढून, भोकं बुजवून त्या साध्या शिपायांना दिल्या गेल्या. विक्रेते आता तीच भोकं उघडून दुर्बीण धरणारा नवा माउंट लावतात. अंग खरं, दागिने उसने. शेऱ्यात तसंच लिहायचं.

हे पचवायला मला जोगलटेंबीच्या नाण्यांनी मदत केली. १९०६ साली आपल्याच जिल्ह्यातल्या त्या गावी नहपान या क्षत्रप राजाची १३ हजारांवर चांदीची नाणी सापडली, त्यातल्या बहुतेकांवर त्याला हरवणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. ठशावर ठसा, पण बनावट कोण म्हणेल? अंजनेरीच्या नाणेसंस्थेत दोन-चार दिवस घालवा. नाण्यांवर डोळा बसतो, आणि नाणं बघायला परवाना लागत नाही. घाबरू नका, मलाही वर्ष लागलं.

फोटो मागवताना बाजूने टॉर्च धरायला सांगा. समोरून फ्लॅश मारला की ओरखडे सपाट होतात, पॉलिश झाकलं जातं. परवा एकाने तीनदा सांगूनही फ्लॅशचाच फोटो पाठवला. मी ‘यावरून सांगता येत नाही’ लिहिलं आणि अर्धं बिल लावलं.