शाळेच्या वेळेलाच पोट दुखतं? मुलाची भीती कमी करायला घरात काय बदलायचं

पहिली ते चौथीच्या मुलांमध्ये हे खूप दिसतं. रविवारी दुपारपर्यंत मस्त हुंदडणार, संध्याकाळी दप्तर भरायला घेतलं की चिडचिड सुरू, आणि सोमवारी सकाळी पोटात दुखतंय, मळमळतंय, दूधसुद्धा नको. घरातले म्हणतात नाटकं करतोय. नाटक नसतं हो ते, टेन्शनने पोट खरंच दुखतं, आणि एवढ्याशा जिवाला भीती वाटतेय हे नीट सांगता येत नाही. शाळेत कोणी त्रास देतंय का, बाई फार ओरडतात का हे विचाराच, पण सोबत घरातही काय चाललंय ते बघा.

१. आधी डॉक्टरांना दाखवा. जंत, बद्धकोष्ठता, चष्मा लागलाय का, हे सगळं बघून घ्या. मग दोन आठवडे वहीत लिहा, कधी दुखलं, आदल्या रात्री घरात काय झालं होतं, झोप किती झाली. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते, आणि आपल्याकडे बाबा उशिरा येतात म्हणून जेवणंच दहाला होतात. मुलाला तरी आधी जेवायला घालून झोपवा.

२. घरातली भांडणं. दार लावून भांडलं तरी आवाजाचा सूर मुलाला कळतो, आणि नेमकं कशावरून ते कळत नसल्यामुळे माझ्यामुळेच झालं असं ते धरून चालतं. भांडणं होणारच, पण नंतर दोघांनी मिळून एवढं तरी सांगा, "काल आम्ही पैशांवरून वाद घातला, तुझ्यामुळे नव्हे, आता ठीक आहे." आणि शाळेत नाही गेलास तर होस्टेलला टाकीन, पोलिसांना देईन, हे आजपासून पूर्ण बंद, कारण ज्याला आधीच आई सुटण्याची भीती आहे त्याला आपण तीच भीती दाखवतोय.

३. सगळ्यात अवघड पायरी ही. मूल घाबरलं की आपण त्याची सुटका करतो, आज राहू दे घरी, आणि त्याला लगेच बरं वाटतं, पण मेंदू शिकतो की शाळा खरंच धोक्याची आहे, घरी राहिलो म्हणून वाचलो. मग उद्या भीती डबल. अमेरिकेत येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी यावर स्पेस नावाची पद्धत केलीय, त्यात मुलाला बसवतच नाहीत, फक्त आईवडिलांबरोबर काम करतात, आणि ७ ते १४ वर्षांच्या मुलांवरच्या अभ्यासात तिचा परिणाम मुलाला थेट दिलेल्या थेरपीइतकाच दिसला.

घरी करायचं ते असं. "आई, तू घ्यायला येशील ना?" एकदा नीट उत्तर द्या, "हो, साडेबाराला गेटपाशी." पाचव्यांदा विचारलं की, "तुला भीती वाटतेय हे मला कळतंय, आणि तू हे करू शकतोस," एवढंच, चिडायचं नाही, परत परत शपथा घ्यायच्या नाहीत. एक आठवडा वर्गाच्या दारापर्यंत सोडायला जा, मग जिन्यापर्यंत, मग फक्त गेटपर्यंत. जमलं की कौतुक करा, रडत का होईना गेला ना.

४. आजी-आजोबांना आधीच विश्वासात घ्या. आई पाठवतेय आणि आजी म्हणतेय राहू दे गं लेकराला, असं झालं की सगळं फिसकटतं. आजीला तिचं काम द्या, शाळेतून आल्यावर मांडीवर घेऊन गप्पा मारायचं, कारण तिथेच पोरं खरं बोलतात.

महिनाभर असं करूनही शाळा बुडतेय, झोप उडालीय, जेवण कमी झालंय, तर बालमानसतज्ज्ञांकडे जा. जवळ कोणी नसेल तर सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट, २४ तास, मराठीत बोलता येतं, आणि मुलाला न सांगता तुम्ही स्वतःच आधी फोन केलात तरी चालतं.