लांबच्या राइडआधी कानाची तयारी: इअर प्लग कसे निवडावेत

बेळगावहून कोल्हापूरकडे नाहीतर हुबळीकडे गाडी काढायची ठरली की टायरची हवा, चेन, ब्रेक आणि कागदपत्रं आपण न चुकता पाहतो. त्याच यादीत इअर प्लग धरा, आणि तेही निघायच्या सकाळी नव्हे, निदान आठवडाभर आधी. विकत घ्यायला पाच मिनिटं पुरतात. पण तो प्लग आपल्या कानात, आपल्याच हेल्मेटखाली, न टोचता तासभर राहतो का, हे घरी दोन-चार वेळा घालून पाहिल्याशिवाय कळत नाही. पाकिटावर कितीही मोठा आकडा छापलेला असो, अर्धवट आत गेलेल्या प्लगकडून त्यातलं फारसं पदरात पडत नाही. म्हणून पहिला निकष एकच: कानात नीट बसणारा आणि दर वेळी कंटाळा न करता घातला जाईल असा प्लग. बाकी सगळं त्यानंतर.

आधी कशापासून वाचायचं आहे ते पक्कं करा. सायलेन्सरचा आवाज कान खराब करतो असं बहुतेकांना वाटतं. पण गाडी साठ-पासष्टच्या पुढे गेली की हेल्मेटभोवती घोंघावणारं वारं इंजिनाच्या आवाजाला मागे टाकतं. ताशी 100 किलोमीटरला पूर्ण बंद हेल्मेटच्या आतही कानापाशी साधारण 95 ते 100 डेसिबल आवाज असतो, काही हेल्मेटांत त्याहून जास्त. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेचा हिशेब असा आहे की 85 डेसिबल आवाज दिवसाला 8 तास चालतो आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे 91 ला 2 तास, 94 ला 1 तास, 97 ला अर्धा तास आणि 100 ला फक्त 15 मिनिटं. आपल्या रस्त्यावर हे मोजून पाहा. 100 डेसिबल धरले तर हत्तरगीचा टोल यायच्या आत दिवसाचा कोटा संपला, 97 धरले तरी संकेश्वरपर्यंत. कोल्हापूर अजून पुढेच आहे, आणि संध्याकाळी परतही यायचंय. हेल्मेटवरचा आयएसआय मार्क टक्कर सोसण्यासाठी महत्त्वाचा आहेच, पण वारं आत किती वाजेल याची तो हमी देत नाही.

यादीतून आधी काय काढून टाकायचं तेही सांगून टाकू. कापसाचा बोळा चालत नाही. त्यातून आवाज आरपार येतो आणि तंतू आत राहतात ते वेगळंच. पोहण्यासाठी मेडिकलमध्ये मिळणारे मेणाचे किंवा मऊ सिलिकॉनचे गोळे कानाच्या तोंडावर बसतात. हेल्मेट घालताना त्याची गादी त्यांना सरकवते. आणि गाणी ऐकायचे इअरफोन म्हणजे प्लग नव्हेत. वाऱ्यावर मात करायला आपण आवाज वाढवत जातो, आणि वाऱ्याच्या जोडीला तोही आवाज थेट पडद्यावर आदळतो.

आता खरे पर्याय. फोमचे प्लग सगळ्यात स्वस्त आणि, नीट बसवले तर, सगळ्यात जास्त आवाज अडवणारे. चहा-नाश्त्याच्या पैशात दोन-तीन जोड्या येतात. उद्यमबागेत फाउंड्र्यांना आणि मशीन शॉपना हातमोजे, गॉगल असं सेफ्टीचं सामान पुरवणाऱ्या दुकानांत विचारा, नाहीतर ऑनलाइन मागवा. एकाच जातीचं मोठं खोकं मात्र लगेच घेऊ नका. तीन-चार प्रकारांची एकेक जोडी घ्या: एक सरळ नळीसारखा, एक पुढे निमुळता, एक लहान मापाचा. कानाची नळी प्रत्येकाची वेगळी असते, आणि एकाच माणसाचा डावा-उजवा कानही सारखा असेलच असं नाही. अर्ध्या तासात दुखायला लागलं तर प्लग मोठा आहे किंवा फोम कडक आहे. बोलताना, जबडा हलवताना आपोआप बाहेर सरकला तर लहान आहे किंवा पुरेसा आत गेलेला नाही. बायकांना आणि कॉलेजातल्या पोरांना बऱ्याचदा लहान मापच बसतं. दुकानदाराने एकच माप पुढे केलं तर दुसरं मागून घ्या. दोरीवाले प्लग कारखान्यात सोयीचे, हेल्मेटखाली गैरसोयीचे. हेल्मेट काढताना दोरी अडकते आणि प्लग हिसका बसून बाहेर येतो, शिवाय दोरी वाऱ्यावर हलली की तिची थरथर कानात उतरते.

प्लग किती डेसिबल आवाज अडवतो याचे पाकिटावर दोन पद्धतींचे आकडे दिसतात, त्यांची गल्लत करू नका. एनआरआर हा अमेरिकी आकडा, एसएनआर हा युरोपचा. थ्रीएम कंपनीच्या 1100 या नारिंगी फोम प्लगवर एनआरआर 29 आणि एसएनआर 37 असतो. प्लग तोच, फक्त मोजायची रीत वेगळी. तेव्हा तुलना करताना एनआरआरशी एनआरआर लावा. शिवाय हे आकडे प्रयोगशाळेतले. फोमसाठी छापील एनआरआरचा निम्माच भाग धरावा असा नायॉशचा सल्ला आहे, म्हणजे 29 चे साधारण 14. तेवढ्यानेही 100 डेसिबलचं वारं कानाशी 86 च्या आसपास येतं, आणि पंधरा मिनिटांच्या जागी काही तास हाताशी येतात. एनआरआर 33 च्या मागे धावून 29 चा आरामदायक प्लग सोडू नका.

दुसरा प्रकार मऊ सिलिकॉनच्या दोन-तीन चकत्यांचा. धुऊन पुन्हा वापरता येतो आणि हात मळलेले असले तरी देठ धरून घालता येतो. पण देठ लांब असेल तर हेल्मेटची गादी त्याला दाबते आणि तासाभरात कानाच्या आत एकाच जागी ठणका लागतो. घेण्याआधी प्लग घालून तळहात कानावर सपाट दाबून पाहा; दाब आत पोचला तर तो हेल्मेटसाठी नको. तिसरा प्रकार फिल्टरवाला. मधल्या बारीक वाटेमुळे तो वारं दबवतो, पण बोलणं आणि हॉर्न फोमपेक्षा स्वच्छ येऊ देतो. हायवे, गाव, पुन्हा हायवे अशी रोजची ये-जा असेल, म्हणजे खानापूर ते बेळगाव किंवा चिकोडी ते निपाणी, तर आमच्या मते हाच सोयीचा. सलग तीन-चार तास हायवे असेल तर फोम.

चौथा प्रकार कानाच्या मापाचा साचा घेऊन बनवलेला. हजारांत जातो, पण रोज लांब चालवणाऱ्याला परवडतो. श्रवणयंत्रं बसवणाऱ्या ऑडिओलॉजिस्टकडेच साचा घ्या. ते आधी कान तपासतात, मळ असेल तर काढायला सांगतात, पडद्याच्या अलीकडे दोरा बांधलेला छोटा बोळा बसवतात आणि मगच सिलिकॉनची पेस्ट भरतात. तो बोळा न बसवता घरच्या घरी पेस्ट भरली तर ती पडद्याला जाऊन चिकटू शकते. त्यांना दोन गोष्टी स्पष्ट सांगा: प्लग हेल्मेटखाली घालायचा आहे, तेव्हा बाहेरचा भाग कानाच्या पातळीवर सपाट हवा, आणि घाटातून प्रवास आहे, तेव्हा हवेचा दाब सारखा व्हायला बारीक भोक हवं.

फोम बसवायची रीत शिकणं हे या तयारीतलं सगळ्यात मोठं काम. बहुतेकांचं इथेच चुकतं. हात धुऊन कोरडे करा. निपाणीत तंबाखू हाताळून आलात किंवा आत्ताच चेनला ल्यूब मारलंत, तर तेच बोटांवरून फोमला आणि फोमवरून कानाच्या नाजूक कातडीला लागतं. प्लग अंगठा आणि दोन बोटांत धरून हळू वळत वळत बारीक करा. चेपू नका, वळा. सुरकुती राहिली तर फुगल्यावर तिथे फट राहते. काडीइतका बारीक झाला की उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा. नळी सरळ होते. लगेच प्लग आत सारा आणि बोटाच्या टोकाने तीस-चाळीस सेकंद दाबून धरा. सोडायची घाई केली तर फोम फुगताना स्वतःला बाहेर ढकलतो. नीट बसल्याची खूण म्हणजे आरशात समोरून पाहिल्यावर प्लगचं टोक जवळजवळ दिसत नाही आणि स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा येतो. मग पंखा किंवा टीव्ही चालू ठेवून दोन्ही तळहात कानांवर दाबा आणि सोडा. आवाजात फारसा फरक पडला नाही तर काम झालं. फरक पडला तर काढून पुन्हा नवी वळकटी करा. अर्धवट बसलेला प्लग ढोसून आत जात नाही. वाऱ्याचा आवाज मुख्यतः खर्जातला असतो, आणि प्लग उथळ बसला की सगळ्यात आधी खर्जच निसटून आत येतो.

डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी फोम गारठून कडक होतो आणि सावकाश फुगतो. पाकीट आतल्या खिशात ठेवा आणि दाबून धरायची वेळ मिनिटभर करा. एप्रिल-मे मध्ये उलट: वळकटी होते न होते तोच फुगायला लागतो, तेव्हा एका वेळी एकच कान करा.

क्रम असा ठेवा. आधी गाडी चालू करून टॅपेट, चेन, ब्रेक यांचा आवाज उघड्या कानांनी ऐका, कारण प्लग घातल्यावर बारीक खडखड कळणार नाही. मग प्लग, मग हेल्मेट, शेवटी चष्मा. हेल्मेट घालताना दोन्ही पट्टे बाहेरच्या बाजूला ताणून ते रुंद करा. कान दुमडला तर बसवलेला प्लग निसटतो. मागे बसणाऱ्यालाही त्याची जोडी द्या, त्याच्या कानालाही तेच वारं लागतं. इंटरकॉम असेल तर प्लग घालूनच त्याचा आवाज लावून घ्या, निम्म्या रस्त्यात हात जाऊ नये.

प्लग घातल्यावर वेग कमी वाटतो. हे लक्षात ठेवून पहिल्या काही राइडमध्ये स्पीडोमीटरकडे जास्त वेळा पाहा, आणि इंडिकेटरची टिकटिक ऐकू येत नसल्यामुळे वळल्यावर तो बंद झाला का ते डोळ्यांनी बघा. हॉर्न ऐकू येईल का, ही प्रत्येकाची शंका रास्त आहे. वेगात असताना प्लग वारं आणि हॉर्न दोन्ही सारखेच खाली आणतो, त्यामुळे वाऱ्यावरून उठून येणारा हॉर्न बहुतेकांना येतो. ज्यांना आधीच ऐकायला कमी येतं त्यांचं तसं नाही; त्यांनी डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. खडेबाजार, गणपत गल्लीच्या गर्दीत मात्र वेगच नसतो, तिथे फोम काढून ठेवा. ऊस तोडणीच्या हंगामात चिकोडी, संकेश्वर, अथणीकडे दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर कधी आडरस्त्यावरून अचानक वर येतात. तिथे कानावर विसंबू नका, आरसे दोन्ही लावा आणि वेग उतरवा.

चोर्ला घाटाने गोव्याला जाणाऱ्यांसाठी एक वेगळी नोंद. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे आणि कणकुंबी ओलांडली की केरीपर्यंत उतारच उतार. घट्ट सिलिकॉनमागे अडकलेली हवा आणि बाहेरचा वाढता दाब यांत पडदा ताणला जातो, कानाला दडे बसतात, कधी दुखतंही. फोममधून हवा हळूहळू जाते, फिल्टरमधूनही जाते, म्हणून या रस्त्याला तेच बरे. दडे बसलेच तर गाडी बाजूला घ्या, प्लग थोडा फिरवून सैल करा, आवंढा गिळा, आणि मग पुन्हा बसवा. हिसका देऊन ओढू नका. एकदम ओढला की आत पोकळी होऊन कळ येते.

पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला हेल्मेटच्या आतही ओल राहते. ओला, मळलेला फोम पुन्हा कानात घालायचा नाही, नवी जोडी काढायची. एरवीही फोम पूर्वीसारखा फुगेनासा झाला की टाकून द्या. सिलिकॉनचे प्लग साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, फिल्टर काढता येत असेल तर तो काढून ठेवा, कारण त्यात पाणी बसलं की वाट बंद. झाकणाची छोटी डबी, त्यात दोन जास्तीच्या जोड्या आणि हात पुसायला वाइप्स जॅकेटच्या खिशात असू द्या, टँक बॅगेत नव्हे.

कानातून पाणी येत असेल, पडद्याला भोक असेल, खाज किंवा ठणका असेल तर प्लग घालायचाच नाही, आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. आणि राइडनंतर कानात शिट्टी वाजत असेल, घरच्यांचं बोलणं कापसातून आल्यासारखं वाटत असेल, तर प्लग नीट बसला नव्हता असं धरून पुढच्या वेळी तळहाताची चाचणी करून मगच निघा. दुसऱ्या दिवशीही शिट्टी थांबली नाही तर डॉक्टरांकडे जाऊन ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या.