श्वास कोंडून आसनं? या चुका टाळा

नव्या माणसाला पश्चिमोत्तानासन, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकायचं आसन, करायला सांगा. हात पायाच्या बोटांना लागलेच पाहिजेत म्हणून तो दात-ओठ खातो, मान ताणतो आणि श्वास कोंडून धरतो. बोटं लागतात, फोटो निघतो. पण श्वास कोंडून जोर लावला की छातीतला दाब वाढतो, रक्तदाब चढतो. शिवाय मांडीमागच्या ज्या स्नायूंनी सैल व्हायचं, तेच आवळले जातात. मी वर्गात आसन चालू असतानाच विचारते, “आज नाश्त्याला काय होतं?” सरळ उत्तर देता आलं नाही, तर थोडं मागे या. लोक नाराज होतात, होऊ देत. वाकताना श्वास सोडा, आसनात टिकताना तो नाकाने संथ चालू ठेवा.

सूर्यनमस्कारात घाई नडते. रथसप्तमीला 108 घालायचे म्हणून तोंडाने धापा टाकत उरकणारे दरवर्षी दिसतात. श्वास हालचालीच्या मागे पडला की थांबा. बारा नीट घातलेले बरे.

आता माझा खास राग: कपालभाती, म्हणजे पोटाच्या ठोक्यांनी श्वास बाहेर टाकायची क्रिया. आमच्या सकाळच्या गटात एक निवृत्त काका होते. व्हिडिओ बघून शिकलेले, रोज न थांबता पाचशे ठोके मारायचे आणि आकडा सगळ्यांना ऐकवायचे. खांदे उडायचे, चेहरा लाल व्हायचा. “बोटांना मुंग्या येतात, शक्ती फिरतेय,” हे वर कौतुकाने. एके दिवशी डोळ्यांपुढे अंधारी आली आणि भिंतीला टेकून खाली बसले. शक्ती वगैरे काही नव्हतं. काका श्वास सोडत होते तितक्याच जोराने आतही ओढत होते. अशा भराभर श्वासोच्छ्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, मग चक्कर आणि मुंग्या.

कपालभातीत फक्त उच्छ्वास जोराचा. पोट आत मारायचं आणि सोडून द्यायचं, श्वास आपोआप आत येतो. हठप्रदीपिका या जुन्या योगग्रंथात ती धौती, नेतीच्या रांगेतली शुद्धिक्रिया आहे, आकड्यांची स्पर्धा नव्हे. मी वीस ठोक्यांवर थांबवते. श्वास पूर्ववत झाला तरच पुढची वीस. हात पोटावर ठेवा, खांदे हलले तर तिथेच बंद. उच्च रक्तदाब, हर्निया, गर्भारपण किंवा नुकतंच झालेलं पोटाचं ऑपरेशन असेल तर करूच नका. काकांना रक्तदाबाची गोळी चालू होती, हे त्यांनी नंतर सांगितलं!

अनुलोम-विलोममध्ये, म्हणजे आलटून पालटून एकेक नाकपुडी मिटून श्वास घेताना, नाकाचं हाड दाबू नका. हाडाखालचा मऊ भाग अलगद मिटला की पुरे.

पहिल्याच आठवड्यात 1:4:2 चं प्रमाण (श्वास आत एक, रोखून चार, बाहेर दोन) धरून कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, करणाऱ्यांना काय सांगावं? सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच वायू, नाहीतर तो साधकाचाच घात करतो, असा इशारा हठप्रदीपिकेतच आहे. सुरुवातीचे काही महिने कुंभक नकोच. चार आकडे मोजत पूरक, म्हणजे श्वास आत; आठ मोजत रेचक, म्हणजे श्वास बाहेर. आठाला धाप लागली तर सहावर या. रेचकानंतरचा श्वास झटक्यात आत आला, तर प्रमाण झेपलेलं नाही असं मी धरते.

भरपेट जेवल्यावर तीन-चार तास जाऊ द्या. आणि सर्दीने नाक चोंदलं असेल तर तोंडाने प्राणायाम रेटू नका, त्या दिवशी शवासन करा.