साहेब नेमका कुठला? ब्रिटिश माणसाची ओळख विचारण्याची आणि लिहिण्याची रीत

मराठीत ‘इंग्रज’ हा शब्द आपण फार सढळ हाताने वापरतो. इंग्रज सरकार, इंग्रजांचं राज्य, इंग्लंडचे पंतप्रधान. त्या सरकारात स्कॉटिश होते, आयरिश होते, वेल्श होते. आपल्या लेखी सगळे साहेबच. गावात बसून बोलायला हे चालून जातं. पण धुळ्याहून कुणी एमएस्सीला ग्लासगोला किंवा जळगावहून नर्सिंगला कार्डिफला गेलं आणि पहिल्याच आठवड्यात शेजाऱ्याला ‘तुम्ही इंग्लिश लोक’ म्हणालं, की समोरच्याचा चेहरा पडतो. पुण्यात ‘तुम्ही विदर्भातले का?’ असं विचारल्यावर चाळीसगावच्या माणसाचा पडतो, अगदी तसाच.

तेव्हा आधी शब्द जागेवर लावून घ्या. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स मिळून ग्रेट ब्रिटन. त्यात उत्तर आयर्लंड मिळवलं की युनायटेड किंगडम. नागरिकत्व आणि पासपोर्ट ‘ब्रिटिश’ असतो. ‘इंग्लिश नागरिकत्व’ किंवा ‘स्कॉटिश पासपोर्ट’ नावाची वस्तू अस्तित्वात नाही.

इथेच आपल्याकडची एक ठरलेली चूक होते. समजावून सांगण्याच्या भरात आपण म्हणतो, ‘यूके म्हणजे भारत आणि स्कॉटलंड म्हणजे महाराष्ट्र.’ हे तिथे बोलू नका. स्कॉटलंड आणि वेल्स स्वतःला प्रांत मानत नाहीत, देश मानतात. १७०७ साली स्कॉटलंडची संसद इंग्लंडच्या संसदेत विलीन झाली, पण स्वतःचे कायदे, न्यायालयं आणि चर्च त्यांनी राखून ठेवलं. शाळांची घडीही वेगळीच राहिली. वेल्सचं तसं झालं नाही. सोळाव्या शतकातच तो इंग्लंडच्या कायद्याखाली गेला, आणि राखायला उरली ती मुख्यतः भाषा. म्हणून ‘आम्ही वेगळे’ हे सांगताना स्कॉटिश माणूस बहुधा संस्थांवर बोट ठेवतो आणि वेल्श माणूस भाषेवर. आपल्या खान्देशाची जोडी लावायचीच असेल तर ती स्कॉटलंडशी लागत नाही, उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशर या काउंटीशी, म्हणजे जुन्या मोठ्या जिल्ह्याशी लागते.

ती जोडी मात्र झकास जमते. खान्देश जिल्हा १९०६ साली पूर्व आणि पश्चिम असा विभागला गेला, पुढे त्यांचे जळगाव आणि धुळे झाले, १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार निघाला. आज सातबाऱ्यावर ‘खान्देश’ कुठेच नाही, पण माणसं खान्देशीच. यॉर्कशरचं तेच. १९७४ च्या फेररचनेत त्याचे तीन जुने भाग, ज्यांना ‘रायडिंग’ म्हणत, कारभारातून गेले आणि कडेचे तुकडे शेजारी वाटले गेले. लगेच पुढच्या वर्षापासून १ ऑगस्टला ‘यॉर्कशर दिन’ साजरा होऊ लागला. सॅडलवर्थ हा भाग तेव्हा ग्रेटर मँचेस्टरमध्ये गेला. तिथले कित्येक लोक अजून स्वतःला यॉर्कशरचेच म्हणवतात. मालेगाव-सटाणा नाशिक जिल्ह्यात असून घरात अहिराणी बोलली जाते, तीच गत. आणि अभिमान किती? यॉर्कशरच्या क्रिकेट संघात काउंटीत जन्मलेल्यांनीच खेळायचं, असा दंडक वर्षानुवर्षं होता. तो मोडल्यावर १९९२ साली त्यांनी पहिला परदेशी खेळाडू घेतला, तो आपला सचिन तेंडुलकर. लीड्स किंवा शेफील्डच्या माणसाशी बोलणं सुरू करायला याहून सोपा धागा नाही.

आता विचारण्याची रीत. ‘आर यू इंग्लिश?’ हा प्रश्न टाळा, कारण उत्तर ‘नाही’ आलं तर पुढचं बोलणंच अवघडतं. ‘व्हेअरअबाउट्स आर यू फ्रॉम?’ असं विचारा. उत्तरात जे नाव येईल तेच पुढे वापरा. ‘ॲबरडीन’ म्हणाला तर तो ब्रिटिश की स्कॉटिश हे त्याचं त्याला ठरवू द्या. ‘न्यूकासल’ म्हणाला तर तो ‘जॉर्डी’. पण तिथून वीस किलोमीटरवरचा संडरलंडवाला ‘मॅकम’, आणि त्याला जॉर्डी म्हणणं म्हणजे लेवा गणबोली बोलणाऱ्या यावलच्या माणसाला ‘तुमची अहिराणी छान आहे’ म्हणण्यासारखं. लिव्हरपूलचा ‘स्काउसर’, बर्मिंगहॅमचा ‘ब्रमी’. ही नावं त्यांच्या तोंडी शोभतात. तुम्ही महिनाभर ऐका, मग वापरा.

आपल्याकडे ‘मूळ गाव कोणतं?’ हा प्रश्न आपुलकीचा असतो. गाडीत शेजारी बसलेल्याला ‘कोठला शेतस भाऊ?’ विचारल्याशिवाय भुसावळ येत नाही. तिथे सावळ्या किंवा काळ्या वर्णाच्या माणसाने ‘लेस्टर’ असं उत्तर दिलं की थांबायचं. ‘ते ठीक, पण मूळचे कुठले?’ हा पुढचा प्रश्न त्याने जन्मभर ऐकलेला असतो, आणि त्याचा अर्थ त्याला ‘तू इथला नाहीस’ असाच लागतो. आडनावावरून पटेल-शाह ओळखू आले तरी तोंड आवरा. इंग्लंडमध्ये वाढलेली अशी बरीच माणसं स्वतःला ‘ब्रिटिश’ म्हणवतात, ‘इंग्लिश’ म्हणायला कचरतात, कारण ‘इंग्लिश’ला अजून गोरेपणाचा वास आहे. स्कॉटलंडात ‘स्कॉटिश’ शब्द त्यांना तितका परका वाटत नाही.

एखाद्याच्या मनातलं प्रमाण खरोखर जाणून घ्यायचं असेल, म्हणजे प्रबंधासाठी वगैरे, तर अभ्यासकांची पाच पायऱ्यांची शिडी वापरा. लुईस मोरेनो या स्पॅनिश अभ्यासकाच्या नावाने ती ओळखली जाते. पर्याय असे: फक्त स्कॉटिश (ब्रिटिश नाही); ब्रिटिशपेक्षा स्कॉटिश जास्त; दोन्ही सारखेच; स्कॉटिशपेक्षा ब्रिटिश जास्त; फक्त ब्रिटिश (स्कॉटिश नाही). परदेशात पाय ठेवण्याआधी ‘खान्देशी’ आणि ‘महाराष्ट्रीय’ हे शब्द घालून ती घरच्यांवर करून बघा. एकाच घरात आजी आणि नातू वेगळ्या पायरीवर उभे दिसतील, आणि प्रश्न नेमका काय मोजतो ते हाताला लागेल.

प्रश्नावली बिघडते ती बहुतेकदा पर्यायांच्या क्रमाने. याचा धडा थेट जनगणनेत आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०११ साली ५७.७ टक्के लोकांनी फक्त ‘इंग्लिश’वर खूण केली होती आणि १९.१ टक्क्यांनी फक्त ‘ब्रिटिश’वर. २०२१ ला फक्त ‘ब्रिटिश’ ५४.८ टक्के, फक्त ‘इंग्लिश’ १४.९ टक्के. दहा वर्षांत एवढी मनं फिरली? नाही. २०२१ च्या इंग्लंडमधल्या फॉर्मवर ‘ब्रिटिश’ची चौकट सगळ्यात वर आणली होती, आकडे उलटण्यामागे हा बदल असणार, हे सांख्यिकी कार्यालयाने स्वतःच नोंदवलं. वेल्समध्ये ‘वेल्श’ वरच राहिलं, आणि तिथे फक्त ‘वेल्श’ म्हणणारे ५७.५ वरून ५५.२ टक्के, म्हणजे जवळपास जागेवर. इंग्लंडमध्ये बऱ्याच जणांना या दोन शब्दांतला फरक इतका पातळ वाटतो की हात पहिल्या चौकटीकडेच जातो. स्कॉटलंडात तसं होत नाही: २०२२ च्या त्यांच्या जनगणनेत फक्त ‘स्कॉटिश’ ६५.५ टक्के होते.

म्हणून स्वतःची प्रश्नावली करताना एकाहून जास्त खुणा करू द्या, लिहायला एक मोकळी ओळ ठेवा, आणि निम्म्या प्रतींवर क्रम उलटा छापा. मोकळी ओळ विशेषतः कॉर्नवॉलसाठी. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाचे हे लोक, कॉर्निश, यांना २०१४ साली राष्ट्रीय अल्पसंख्याक म्हणून मान्यता मिळाली, पण जनगणनेच्या फॉर्मवर त्यांना स्वतःची चौकट नाही, नाव हाताने लिहावं लागतं. त्यांच्या कॉर्निश पेस्टीला (सारण भरून भाजलेला करंजीसारखा पदार्थ) २०११ पासून युरोपीय संरक्षण मिळालं; आपल्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन २०१६ ला.

एक गफलत अजून होते. माणूस आपल्या भागाबद्दल भरभरून बोलतो म्हणून त्याला वेगळं सरकार हवं असेल, असं धरू नका. न्यूकासलच्या ईशान्य इंग्लंडमध्ये २००४ साली प्रादेशिक विधानसभेसाठी मतदान झालं आणि ७७.९ टक्के लोकांनी ती नाकारली. स्कॉटलंडात २०१४ ला ५५.३ टक्क्यांनी स्वातंत्र्याला नकार दिला. त्यात स्वतःला पक्के स्कॉटिश मानणारेही होते. अहिराणी गाण्यावर नाचणारा प्रत्येक जण वेगळं खान्देश राज्य मागत नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

उत्तर आयर्लंडमध्ये मात्र विचारूच नका, ऐका. २०२१ ला तिथे फक्त ब्रिटिश ३१.९ टक्के, फक्त आयरिश २९.१, फक्त ‘नॉर्दर्न आयरिश’ १९.८. १९९८ च्या गुड फ्रायडे करारानुसार तिथला माणूस ब्रिटिश, आयरिश किंवा दोन्ही असू शकतो आणि तसे पासपोर्टही घेऊ शकतो. एकाच शहराला कुणी डेरी म्हणतं, कुणी लंडनडेरी. समोरच्याने जे म्हटलं तेच म्हणा. शाळेचं नाव किंवा फुटबॉलचा आवडता संघ विचारणं तिथे धर्म विचारण्यासारखं ठरतं. ग्लासगोतही सेल्टिक की रेंजर्स हा प्रश्न तसाच जपून.

कागदावरचं थोडक्यात. तुमच्या व्हिसाच्या अर्जात ‘नॅशनॅलिटी’ म्हणजे नागरिकत्व, तिथे भारतीय. जनगणनेतली ‘नॅशनल आयडेंटिटी’ म्हणजे मनाने मानलेली ओळख. तिथे राहत असाल तर हवं ते लिहा. पार्सलवर कार्डिफ किंवा एडिंबरापुढे ‘इंग्लंड’ लिहू नका, शेवटची ओळ ‘युनायटेड किंगडम’ ठेवा. स्कॉटलंडात तीन बँका स्वतःच्या नोटा छापतात. लंडनमधला एखादा दुकानदार कुरकुरला तरी नोट खोटी नसते. जेवणाला बोलावलं तर वेळ पक्की विचारून घ्या: उत्तरेकडे बऱ्याच घरांत ‘डिनर’ दुपारचं आणि ‘टी’ म्हणजे रात्रीचं जेवण. चहा समजून घरून पोट भरून गेलात तर यजमानीणबाईंचं ताट तसंच राहील.

क्रिकेटवर लिहिताना इंग्लंडच्या संघाला सरसकट ‘ब्रिटिश संघ’ लिहू नका. त्याचं मंडळ इंग्लंड आणि वेल्सचं आहे, स्कॉटलंडचा संघ वेगळा, आणि आयर्लंडचा संघ दोन्ही आयर्लंड मिळून एक. २०१९ चा विश्वचषक इंग्लंडला जिंकून देणारा कर्णधार ऑइन मॉर्गन तर डब्लिनचा.

स्थानिक इतिहास लिहिताना सरकारसाठी ‘ब्रिटिश’ वापरा, आणि माणसासाठी जन्म व वाढ तपासून मगच विशेषण लावा. १८२५ साली धरणगावला भिल्ल कोअर, म्हणजे भिल्लांची पलटण, उभी करणारा जेम्स औट्रम घ्या. ‘इंग्रज अधिकारी’ असं लिहून आपण मोकळे होतो. तो जन्मला इंग्लंडमधल्या डर्बीशरला, आई स्कॉटिश, वडील लहानपणीच वारले, आणि पोरगा वाढला, शिकला स्कॉटलंडच्या ॲबरडीनकडे. त्याच्यापुढे ‘ब्रिटिश अधिकारी’ लिहा, आणि जागा असेल तर ‘डर्बीशरला जन्मलेला, ॲबरडीनला वाढलेला’ एवढे चार शब्द आणखी घाला.